अठ्ठाविसाव्या क्रमांकाचा माणूस

६ फेब्रुवारी २०२२ चा रविवार महाराष्ट्र विसरणार नाही. सकाळी लता मंगेशकर गेल्या. दिवसभर घराघरांत टीव्ही लागलेला होता, संध्याकाळी शिवाजी पार्कवर अंत्यसंस्कार झाले. त्याच दिवशी पुण्यात बालेवाडीच्या कोर्टवर टाटा ओपन महाराष्ट्र स्पर्धेचा अंतिम सामना होता. बत्तीस वर्षांचा एक पोर्तुगीज आपल्याहून दहा वर्षांनी लहान असलेल्या फिनलंडच्या एमिल रुसुवुओरीशी खेळत होता. पहिला सेट त्याने टायब्रेकरवर ११-९ असा खेचून घेतला, दुसरा ४-६ असा गेला, आणि जिथे थकलेल्या पायांनी साथ सोडायची तिथे त्याने तिसरा ६-१ ने संपवला. जुआंव सोझाचं ते चौथं एटीपी, म्हणजे पुरुषांच्या जागतिक व्यावसायिक दौऱ्यातलं, विजेतेपद. पुढे तेच शेवटचं ठरलं.

त्या दिवशी त्याच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. माझंही गेलं नव्हतं. तो सामना मी रात्री उशिरा, मोबाइलवर, तुकड्यातुकड्यांनी पाहिला. तक्रार आहे ती नंतरच्या दिवसांबद्दल. सोमवारी सुट्टी होती. मंगळवारी संध्याकाळी मुलीला टेनिसच्या क्लासला सोडायला गेलो. ते कोर्ट बालेवाडीपासून गाडीने वीस मिनिटांवर आहे. दहा-बारा मुलं भिंतीवर बॉल मारत होती. बॉल वापरून वापरून लव झडलेले, लिंबासारखे गुळगुळीत. मी सहज विचारलं, "रविवारी बालेवाडीत कोण जिंकलं?" एकालाही ठाऊक नव्हतं. नाव सांगितलं तेव्हा एका मुलाने विचारलं, "काका, वर्ल्ड रँकिंग किती त्याचं?" शंभराच्या बाहेर होता, मी म्हणालो. मुलाचा चेहरा पडला. "मग तेवढा भारी नाही ना."

त्या मुलाचं काही चुकलं नाही. आपण मोठी माणसं घरात, वर्गात, बातम्यांत जे बोलतो तेच तो बोलला. पहिला आला तर आला, नाहीतर कशाला एवढा खटाटोप? टेनिससारख्या खेळात ही वृत्ती नुसती अन्यायाची नाही, तर खेळाच्या मुळावर येणारी आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं, की खेळाडूची लोकप्रियता आभाळातून पडत नाही. त्याला डोळ्यांनी पाहता येईल, त्याच्या पायरीची किंमत समजेल अशी व्यवस्था घराजवळ असावी लागते. पोर्तुगालने ती उशिरा का होईना उभी केली. आपल्या हातात होती, ती आपण सुटू दिली.

आधी नावाचं बघू. पोर्तुगीज उच्चाराच्या जवळ जायचं तर जुआंव लिहावं लागतं. गोव्यात चोवीस जूनला डोक्यावर पाना-फुलांचं कोपेल घालून तरुण मंडळी विहिरीत उड्या मारतात त्या सणाला सांजांव म्हणतात, म्हणजे संत जुआंव. आणि सोझा तर आपल्या ओळखीचंच. गोव्यापासून वसईपर्यंत जे डिसोझा आहेत त्यांच्या आडनावातला सोझा हाच. त्याच्या देशातले लोक त्याला 'कोंकिश्तादोर' म्हणतात, जिंकणारा, जेता. गोव्याच्या बाजूला हा शब्द कानाला गोड लागणार नाही, आणि त्याला कारणं आहेत. पण या टोपणनावाचा संबंध समुद्रापलीकडच्या स्वाऱ्यांशी नाही. सोझा उत्तर पोर्तुगालमधल्या गिमरांइश गावचा. बाराव्या शतकात पोर्तुगालचा पहिला राजा झालेला अफोंसो एन्रिकेश याच गावाचा मानला जातो, आणि त्याला जेता म्हणत. गावातल्या जुन्या तटावर आजही मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे, 'पोर्तुगालचा जन्म इथे झाला.' त्या गावच्या पोराला दुसरं कुठलं नाव मिळणार?

सोझाचा जन्म ३० मार्च १९८९ चा. वडील न्यायाधीश, आई बँकेत. सातव्या वर्षी वडिलांबरोबर रॅकेट हातात घेतली. चौदाव्या वर्षापर्यंत फुटबॉलही खेळला, गावच्या व्हितोरिया क्लबकडून. पोर्तुगालमध्ये मुलगा फुटबॉल सोडून टेनिसकडे जातो म्हणजे काय, हे आपल्याला कळायला हरकत नाही. इथे बारा वर्षांच्या मुलाने क्रिकेटची बॅट ठेवून रॅकेट उचलली की आजोबांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे समजावायला येतात. डॉक्टर व्हायचं असंही सोझाच्या मनात होतं. तेही त्याने सोडलं आणि २००४ मध्ये, पंधराव्या वर्षी, बार्सेलोनाला गेला. देशात पुढच्या पायरीची सोय नव्हती, म्हणून.

या एका वाक्यावर मला थांबायचं आहे. पंधरा वर्षांचं मूल परक्या देशात, परक्या भाषेत, वसतिगृहात राहतं. सकाळी शाळा, मग कोर्ट. आईचा फोन येतो तेव्हा सगळं छान चाललंय असं सांगतं. आपल्याकडेही हे होतं. पुण्याचा मानस धामणे अशाच कोवळ्या वयात इटलीत शिकायला गेला, आणि २०२३ मध्ये पंधराव्या वर्षी बालेवाडीत वाइल्ड कार्ड, म्हणजे क्रमवारी पुरेशी नसताना संयोजकांनी दिलेला थेट प्रवेश, मिळवून अमेरिकेच्या मायकेल मोहशी खेळला. सामना हरला, पण ज्यांनी पाहिला त्यांना पोराच्या हातात काय आहे ते दिसलं. तो सामना घरच्या गावात होता, म्हणून दिसलं. तेवढ्यासाठी इटलीला कोण जाणार होतं?

बार्सेलोनाला गेलेल्या सोझाचं नाव पुढची कित्येक वर्षं जगाने ऐकलं नाही. टेनिसमध्ये ही वर्षं कुणी मोजत नाही. आधी फ्युचर्स ही सगळ्यात खालची पायरी, मग चॅलेंजर ही एटीपी दौऱ्याच्या लगेच खालची, छोटी गावं, रिकामे स्टँड, स्वस्त हॉटेल, स्वतःची रॅकेट स्वतः उचलून पुढच्या बसला धावायचं. तिथेच फ्रेडेरिको मार्केश हा पोर्तुगीज प्रशिक्षक त्याला भेटला, आणि नंतर इतकी वर्षं दोघं बरोबर राहिले की एकाचं नाव घेतलं की दुसऱ्याचं आपोआप येतं. सप्टेंबर २०१३ मध्ये, वयाची चोवीस वर्षं उलटून गेल्यावर, क्वालालंपूरला सोझाचं नशीब उघडलं. उपांत्यपूर्व फेरीत त्याने डेव्हिड फेररला हरवलं, तेव्हा जगातला चौथा. अंतिम सामन्यात समोर फ्रान्सचा ज्युलियाँ बेनेटो होता. पहिला सेट २-६ गेला. दुसऱ्यात बेनेटोच्या हातात मॅच पॉइंट होता. सोझाने तो वाचवला, सेट ७-५ ने घेतला आणि तिसरा ६-४ ने. पोर्तुगालच्या कुठल्याही पुरुष खेळाडूने एकेरीत जिंकलेली ही पहिली एटीपी स्पर्धा.

बेनेटोबद्दलही दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. तो आयुष्यात एकेरीचे दहा अंतिम सामने खेळला आणि दहाही हरला. त्या दिवशी एक फटका इकडचा तिकडे झाला असता तर एका माणसाच्या कारकिर्दीतली ती पोकळी भरली असती आणि पोर्तुगालच्या टेनिसचा इतिहास वेगळ्या तारखेला सुरू झाला असता. या पातळीवर यश आणि अपयश यांच्यात एवढंच अंतर असतं. मग ज्याच्या हाताला चषक लागला तो थोर आणि दुसरा कोणीच नाही, असं कसं म्हणायचं?

सोझाही अंतिम सामन्यांत बरंच हरला आहे. एकूण बारा खेळला, चार जिंकला, आठ हरला. २०१५ मध्ये जिनिव्हा, उमाग आणि सेंट पीटर्सबर्ग असे एकाच वर्षात तीन हरला, आणि तरी नोव्हेंबरात वेलेन्सियाला चौथ्यांदा अंतिम फेरी गाठून तिथे स्पेनच्याच रोबेर्तो बाउतिस्ता आगुटला हरवलं, तेही पहिला सेट गमावून. मे २०१६ मध्ये तो जागतिक क्रमवारीत अठ्ठाविसावा झाला. त्याच्या आधी कुठलाही पोर्तुगीज पुरुष एवढा वर गेला नव्हता. २०१८ च्या यूएस ओपनमध्ये आणि २०१९ च्या विम्बल्डनमध्ये तो चौथ्या फेरीपर्यंत पोचला. एकदा जोकोविचने थांबवलं, एकदा नदालने. २०१९ मध्येच ऑस्ट्रेलियन ओपनच्या दुहेरीत लिओनार्दो मायरबरोबर उपांत्य फेरी.

अठ्ठाविसावा म्हणजे काय? त्या मुलाला मी हे नीट सांगू शकलो नाही, म्हणून इथे सांगतो. ग्रँड स्लॅमच्या एकेरीत १२८ खेळाडू असतात. सोळा जण पात्रता फेरीतून येतात, आठ वाइल्ड कार्डवर. उरलेल्या १०४ जागा क्रमवारीवर मिळतात. म्हणजे साधारण शंभराच्या आत असलात तर वर्षातून चार वेळा मुख्य फेरीचं दार आपोआप उघडतं, पहिल्या फेरीत हरलात तरी पदरात चांगली रक्कम पडते, प्रशिक्षकाचा आणि प्रवासाचा खर्च निघतो. शंभराच्या बाहेर गेलात की सगळं खिशातून. हा खेळ जगभरातली मुलं खेळतात. क्रमवारीत पन्नासाच्या आसपास असलेला माणूस कुठल्याही आठवड्यात पहिल्या पाचातल्या माणसाला हरवू शकतो, आणि पुढच्याच आठवड्यात दीडशेव्या क्रमांकाच्या पोराकडून हरू शकतो. अशा ठिकाणी एका लहान देशातल्या, मागे कसलीही परंपरा नसलेल्या माणसाने वर्षानुवर्षं शंभराच्या आत घर करून राहणं हे मला काही चषकांहून मोठं वाटतं.

आपल्या सानिया मिर्झाने २००७ मध्ये एकेरीत सत्ताविसावा क्रमांक गाठला होता. तेव्हाही आपण विचारलं होतं, पहिल्या दहात कधी येणार? सत्तावीस म्हणजे काय, हे कुणी समजावून सांगितलं नाही. पुरुषांत एकेरीची एटीपी स्पर्धा जिंकलेला शेवटचा भारतीय लिएंडर पेस, न्यूपोर्टला, १९९८ मध्ये. तेव्हापासून एकही नाही. महाराष्ट्राची लोकसंख्या अकरा कोटींच्या वर आणि अख्ख्या पोर्तुगालची एक कोटीच्या थोडी पुढे. हे आकडे शेजारी ठेवून मी कुणाला लाज आणू पाहत नाही. लोकसंख्येने टेनिसपटू तयार होत नाहीत. मग कशाने होतात ते बघू.

पोर्तुगालमध्ये फुटबॉलचं काय स्थान आहे ते सांगायला नको. देशात खेळाची तीन दैनिकं निघतात आणि तिन्हींच्या पहिल्या पानावर बहुतेक रोज फुटबॉलच असतो. एउझेबियोचा पुतळा, रोनाल्डोच्या नावाचा विमानतळ. अशा देशात टेनिस खेळणाऱ्याला किती जागा मिळणार? सोझाची लोकप्रियता रोनाल्डोसारखी कधीच झाली नाही, होणारही नव्हती. पण ती खरी होती, आणि तिची एक तारीख सांगता येते. ६ मे २०१८, एस्तोरिल.

एस्तोरिल ओपन १९९० पासून चालत आलेली. घरच्या स्पर्धेत सोझाचं गणित आधीच्या वर्षांत जुळलं नव्हतं. परदेशात जिंकणारा, घरी अडखळणारा, असं लोक बोलायचे. त्या आठवड्यात त्याने उपांत्य फेरीत तेव्हा एकोणीस वर्षांच्या त्सित्सिपासला तिसऱ्या सेटच्या टायब्रेकरवर हरवलं आणि अंतिम सामन्यात अमेरिकेच्या फ्रान्सिस टियाफोला ६-४, ६-४. पोर्तुगीज माणूस पोर्तुगालमध्ये पहिल्यांदा एकेरी जिंकला. शेवटचा पॉइंट झाल्यावर तो लाल मातीवर आडवा झाला. स्टँडमधले लोक रडत होते, ते कॅमेऱ्यात दिसत होतं. त्यांतल्या किती जणांनी आधी क्वालालंपूरचा सामना पाहिला असेल? अगदी थोड्यांनी. माणूस आपला वाटायला तो आपल्या मातीवर घाम गाळताना दिसावा लागतो. टीव्हीवरचा अभिमान आणि दहा हातांवरून ऐकलेला त्याचा श्वास या दोन गोष्टी एक नाहीत.

आणि ही स्पर्धा बंद पडायच्या बेतात होती, हे लक्षात घेण्यासारखं आहे. लिस्बनजवळ जामोरला होणारी जुनी स्पर्धा २०१४ नंतर आर्थिक अडचणीत बुडाली. तेव्हा नवे संयोजक पुढे आले, जागा बदलली, एस्तोरिलच्या क्लबमध्ये २०१५ पासून ती पुन्हा उभी राहिली. ती तारीख कुणी हातातून घालवली असती तर २०१८ चा तो रविवार झालाच नसता. सोझाने निवृत्तीही तिथेच घेतली, एप्रिल २०२४ मध्ये, आर्थर फिसविरुद्ध पहिल्या फेरीत हरून, आपल्या लोकांसमोर. देशोदेशी खेळलेल्या माणसाला निरोप घ्यायला घरचं कोर्ट मिळालं. नंतर २०२५ मध्ये त्या स्पर्धेचा दर्जा खाली येऊन चॅलेंजरवर आला, पण कोर्टाला कुलूप लागलं नाही.

सोझा निवृत्त झाल्यानंतर तीनच महिन्यांनी, जुलै २०२४ मध्ये, स्वीडनच्या बॉश्टाडला नूनो बोर्जेशने अंतिम सामन्यात राफाएल नदालला ६-३, ६-२ असं हरवलं. मातीवर, नदालला! एटीपी एकेरी जिंकणारा हा दुसरा पोर्तुगीज पुरुष. याच बॉश्टाडमध्ये दहा वर्षांपूर्वी सोझा अंतिम सामना हरला होता. पुढच्या वर्षी फ्रेंच ओपनमध्ये बोर्जेश आणि पात्रता फेरीतून आलेला एनरीक रोशा असे दोन पोर्तुगीज तिसऱ्या फेरीत पोचले. जाइम फारिया नावाचा आणखी एक तरुण त्यांच्या मागोमाग आहे.

इथे कुणीही म्हणेल, बघा, एक हिरो मिळाला की मागून रांग लागते. हा समज मला घातक वाटतो. आपल्याकडे विजय अमृतराज झाले, रमेश कृष्णन झाले, पेस-भूपती झाले, सानिया झाली. हिरोंची वाण कधी होती? रांग का लागली नाही? कारण हिरो मुलाला कोर्टापर्यंत आणतो, कोर्टापासून शंभराव्या क्रमांकापर्यंत नेत नाही. ते काम जिन्याच्या मधल्या पायऱ्या करतात. पोर्तुगालने गेल्या काही वर्षांत या पायऱ्या बांधल्या. लिस्बनजवळच्या ओएराशमध्ये, माइयात, ब्रागात, पोर्तोत एकामागून एक चॅलेंजर स्पर्धा होऊ लागल्या. बोर्जेश अमेरिकेच्या विद्यापीठात खेळून आला होता. परत आल्यावर त्याला विमानाचं तिकीट न काढता, घरचं जेवण जेवून, आपल्या बिछान्यात झोपून क्रमवारीचे गुण मिळवायची सोय झाली. सोझाला ही सोय मिळाली नव्हती, त्याला पंधराव्या वर्षी घर सोडावं लागलं. फारिया आणि रोशा तर या घरच्या स्पर्धांतच वाढलेले.

आता बालेवाडी. भारतातली पुरुषांची एटीपी स्पर्धा १९९६ मध्ये दिल्लीत सुरू झाली, पुढच्या वर्षी चेन्नईला गेली आणि वीस वर्षं तिथे नांदली. २०१८ मध्ये पुण्यात आली. जिल सिमॉन, केव्हिन अँडरसन, यिरी वेसेली, सोझा, टालन ग्रीक्सपोर हे पुण्याचे विजेते. मध्ये २०२१ कोरोनात गेलं. २०२३ नंतर ती जागा हाँगकाँगला गेली. त्यानंतर भारतात पुरुषांची एकही एटीपी दौऱ्याची स्पर्धा उरली नाही. मला आठवतं, त्या बातमीवर फारशी कुणी हळहळही केली नाही. एखादं नाट्यगृह बंद झालं तर पुण्यात पत्रं लिहिली जातात, सह्या गोळा होतात. टेनिसची स्पर्धा गेली तेव्हा दोन ओळींवर भागलं.

यावर जो प्रामाणिक आक्षेप आहे तो मी टाळणार नाही. पुण्यातल्या सगळ्या वर्षांत एकही भारतीय एकेरीच्या अंतिम फेरीत पोचला नाही. दुहेरीत २०२२ मध्ये रोहन बोपण्णा आणि रामकुमार रामनाथन जिंकले, तो आनंद मोठाच होता, पण एकेरीत पाटी कोरी. मग परदेशी खेळाडूंना बक्षिसं वाटायला इथे कोट्यवधी रुपये का घालायचे? हा प्रश्न मला माझ्या मेव्हण्याने विचारला, आणि तो खेळाचा शत्रू नाही, शाळेत खो-खो शिकवतो. त्याच्या मैदानावर साधं रोलिंग करायला पैसे मिळत नाहीत. त्याला उत्तर देणं माझं कर्तव्य आहे.

माझं उत्तर असं, की वर्षातून एक आठवडा मोठी स्पर्धा भरवून बाकी एक्कावन्न आठवडे कोर्ट ओस ठेवलं तर त्याचंच खरं आहे. दोनशेव्या क्रमांकाच्या मुलाला वाइल्ड कार्ड देऊन पन्नासाव्या क्रमांकाच्या माणसापुढे उभं केलं की तो बहुधा हरणारच. पण कधी कधी जिंकतोही. २००९ मध्ये सोमदेव देववर्मन चेन्नईत वाइल्ड कार्डवर शिरला आणि थेट अंतिम फेरीत गेला. घरच्या स्पर्धेने ते दार उघडलं नसतं तर? आणि मधल्या पायऱ्यांचा हिशेब तर आणखी सरळ आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये युकी भांब्री पुण्याची चॅलेंजर जिंकला, काही महिन्यांत तो पहिल्या शंभरात होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुमित नागल चेन्नईची चॅलेंजर जिंकला आणि त्याच विजयाने पहिल्यांदा शंभराच्या आत गेला. हाच नागल पाच महिन्यांपूर्वी, भारताचा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू असताना, बँकेत फक्त नऊशे युरो उरलेत असं जाहीरपणे सांगत होता. नऊशे युरो आणि शंभराच्या आतलं घर, या दोहोंच्या मध्ये एक चॅलेंजर स्पर्धा उभी होती, आणि ती भारतात होती.

म्हणजे मला बालेवाडीत पुन्हा ती मोठी स्पर्धा हवी आहे का? हवी आहे. पण दोन्हींपैकी एकच मिळणार असेल तर मी आधी पायऱ्या मागेन. फेब्रुवारीत चेन्नई, बंगळुरू, पुणे, दिल्ली अशी चॅलेंजर स्पर्धांची मालिका होऊ लागली, ही फार चांगली गोष्ट झाली. सोलापुरात महिलांच्या आयटीएफ, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या खालच्या पायरीच्या, स्पर्धा झाल्या आहेत. मुंबईत क्रिकेट क्लबच्या कोर्टवर २०१७ मध्ये महिलांची स्पर्धा झाली, ती जिंकणारी एकोणीस वर्षांची मुलगी म्हणजे आर्यना सबालेंका, जी पुढे जगात पहिली आली. तेव्हा तिला चर्चगेटला समोरून येताना कुणी ओळखलं नसतं. चर्चगेटवरून रोज हजारो शाळकरी मुलं जातात. त्यांतल्या शंभर जणांना कुणी हाताला धरून आत नेऊन बसवलं असतं, तर आज ते सांगू शकले असते, आम्ही तिला तेव्हाच पाहिली होती.

लोकप्रियता अशी, एकेका डोळ्याने जमते. पात्रता फेरीचे सामने बहुतेक ठिकाणी फुकट किंवा जवळजवळ फुकट असतात, आणि टेनिस शिकण्यासाठी त्याहून चांगली जागा नाही. बालेवाडीच्या बाहेरच्या कोर्टवर मी एकदा तासभर एका खेळाडूला सराव करताना पाहत उभा होतो. नाव मला कळलं नाही, क्रमवारीत बराच खाली असणार. तो एकच फटका मारत होता, बॅकहँड, रेषेला समांतर. दर सात-आठ फटक्यांनी थांबायचा, रॅकेटच्या मुठीवरची सैल झालेली पट्टी उलगडून पुन्हा घट्ट गुंडाळायचा, तळहात शॉर्टला पुसायचा आणि परत तोच फटका. जाळीला चिकटून माझी मुलगी बघत होती. घरी आल्यावर तिने आपली रॅकेट काढली, मुठीवरची जुनी पट्टी सोडली आणि तशीच, कडेकडेने, एकावर एक थर देत गुंडाळली. मी काही सांगितलं नव्हतं, तिच्या सरांनीही नाही.

जे करता येण्यासारखं आहे ते फार मोठं नाही. राज्य सरकार आणि टेनिस संघटना यांनी मिळून वर्षातले सहा आठवडे ठरवून टाकावेत आणि पाच वर्षं ते हलवू नयेत. त्यांतले दोन पुण्यात चॅलेंजरचे, बाकीचे नागपूर, नाशिक, सोलापूर, कोल्हापुरात आयटीएफचे, मुलांचे आणि मुलींचे. ज्या शहरात स्पर्धा असेल तिथल्या महापालिकेच्या शाळांतली मुलं बॉलबॉय आणि बॉलगर्ल म्हणून घ्यावीत, त्यांना आधी पंधरा दिवस शिकवावं. पात्रता फेरीला शाळेचा गणवेश हेच तिकीट असावं. मोठ्या स्पर्धेला लागणाऱ्या पैशांपुढे हा खर्च किरकोळ आहे. माझ्या मेव्हण्याच्या मैदानाचं रोलिंगही त्यात करून द्यावं, कारण खो-खो खेळणारं मूल उद्या रॅकेट धरेल तेव्हा त्याचे पाय तयार असतील.

आणि वृत्तपत्रांना, वाहिन्यांना एक कळकळीची विनंती. चॅलेंजरमध्ये आपला कुणी उपांत्य फेरीत हरला की त्याची बातमी 'पुन्हा अपयश' अशी देऊ नका. तो आठवडाभर कुणाकुणाला हरवत तिथवर आला, त्याचे गुण किती झाले, आता तो कितवा, पुढच्या ग्रँड स्लॅमच्या पात्रता फेरीला त्याला अजून किती लागतात, हे लिहा. क्रिकेटच्या गुणतक्त्याचं इतकं बारीक गणित आपले वाचक सहज करतात, त्यांना हेही जमेल.

सोझा पुण्यात जिंकला तेव्हा शंभराच्या बाहेर होता. त्या विजयाने तो पुन्हा आत आला, आणि मे महिन्यात जिनिव्हात अंतिम फेरी गाठून कॅस्पर रूडशी तिसऱ्या सेटच्या टायब्रेकरपर्यंत झुंजला. दुखापतींनी ग्रासलेल्या, संपला असं लोक म्हणू लागलेल्या माणसाला बालेवाडीच्या एका आठवड्याने कारकिर्दीची आणखी दोन वर्षं दिली. पोर्तुगालच्या टेनिसचा इतिहास लिहिला जाईल तेव्हा त्याच्या चार विजेतेपदांच्या यादीत क्वालालंपूर, वेलेन्सिया, एस्तोरिल यांच्या शेवटी पुणे हे नाव येईल. क्लासमधल्या त्या मुलाला मी हे परवा सांगितलं. आता तो सोळा वर्षांचा आहे, राज्य पातळीवर खेळतो, आणि फेब्रुवारीत बालेवाडीच्या पात्रता फेरीला मित्रांना घेऊन जाणार आहे. मला विचारत होता, काका, गाडीत जागा आहे का.